पाय अधू की जिना अधू? एबलिझम या शब्दाबद्दल

परवा रात्री साडेनऊला मावशीचा फोन. "अगं, ते एबलिझम एबलिझम म्हणतात ते काय असतं?" म्हटलं कुठे ऐकलंस, तर म्हणे नातीच्या मोबाईलवर, कुठल्याशा कॉमेडीवाल्याला लोक धारेवर धरत होते आणि जो तो हाच शब्द फेकत होता. "मला वाटलं एबल म्हणजे कर्तबगार, तर कर्तबगार माणसांचा काहीतरी पंथ असेल." मी पोट धरून हसले आणि मग सांगायला गेले तर लक्षात आलं की मलाही ते एका वाक्यात सांगता येत नाहीये. तासभर चाललं आमचं. तेच जरा नीट लावून इथे लिहितेय, कारण मावशीने जे प्रश्न विचारले ते सगळ्यांच्याच मनात असतात, फक्त ती तोंडावर विचारते.

कॉमेडीवाल्यांचं प्रकरण आधी. एसएमए नावाचा एक जनुकीय आजार आहे, स्नायू हळूहळू कमजोर होत जातात. त्याच्या पेशंटवर आणि एकूणच अपंगांवर काही स्टँडअपवाल्यांनी जोक मारले, पेशंटसाठी काम करणारी एक संस्था सुप्रीम कोर्टात गेली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये कोर्टाने त्या मंडळींना आपापल्या चॅनेलवर जाहीर माफी मागायला लावली. आता जोक वाईट होता हे कळायला नवा शब्द लागत नाही, पण जोक हे एबलिझमचं सगळ्यात छोटं टोक आहे. मोठा भाग जोकमध्ये नसतोच.

## शब्दाचा अर्थ

रेसिझम म्हणजे वर्णावरून भेदभाव, सेक्सिझम म्हणजे बाई-पुरुषावरून, तसाच हा. इंग्रजीत साधारण १९८० च्या आसपास अपंगांच्या चळवळींमधून वर आला. सोपा अर्थ असा: धडधाकट माणूस हाच माणसाचा खरा नमुना आणि बाकीचे म्हणजे त्यातला बिघडलेला माल असं धरून चालायचं, आणि मग इमारती, नियम, परीक्षा, ॲप, लग्नाचे हॉल, विनोद सगळं त्याच हिशोबाने रचायचं. यात कुणाचा द्वेष करावाच लागतो असं नाही. उलट बहुतेक वेळा हे करणारी माणसं चांगली असतात, प्रेमळ असतात, डोळ्यात पाणी आणून करतात.

मराठीत याला सक्षमतावाद म्हणतात काही जण. मला तो शब्द ऐकला की हॉटेलमधलं मॅनेजमेंटचं शिबिर आठवतं. अपंगद्वेष म्हणावं तर द्वेष नसतोच म्हटलं ना आत्ता. मी मावशीला म्हटलं धडधाकटशाही म्हण, जशी घराणेशाही, झुंडशाही. तिला तो लगेच कळला. शब्द माझाच आहे, कोशात सापडणार नाही, शोधू नका.

## पंगत कुणासाठी उठली

आपल्याकडे लग्नात पूर्वी पंगत बसायची, खाली, पाटावर नाहीतर सतरंजीवर. मग कधीतरी आजी-आजोबांचे गुडघे बोलायला लागले, मग काकांची पाठ, आणि बघता बघता टेबल-खुर्ची आली आणि आता खाली बसून जेवायची वेळ आली तर पंचविशीतली पोरंही कुरकुरतात. टेबल-खुर्ची आल्यावर कुणी म्हणालं का की ही आजोबांना दिलेली सवलत आहे? नाही. कारण गुडघे आपले होते, बहुमताचे होते.

आता हेच व्हीलचेअरवाल्या माणसाच्या बाबतीत बघा. त्याला पहिल्या मजल्यावर जाता येत नाही. का जाता येत नाही? आपण पटकन म्हणतो, पाय नाहीत ना. हे झालं डॉक्टरी उत्तर, दोष शरीरात आहे, बरा करा नाहीतर घरी बसवा. दुसरं उत्तर असं की लिफ्ट नाही म्हणून जाता येत नाही. पाय कालही तसेच होते आणि तळमजल्यावर त्याचं सगळं छान चाललं होतं, अडलं ते जिन्यापाशी. या दुसऱ्या उत्तराला सामाजिक दृष्टिकोन म्हणतात, १९७० च्या दशकात ब्रिटनमधल्या अपंग कार्यकर्त्यांनी तो ठासून मांडला. याचा अर्थ शरीराचं दुखणं खोटं आहे असा नाही, दुखतं ते दुखतंच, पण अडवणूक कुठली आणि दुखणं कुठलं हे वेगळं काढायला लागतं.

यावर खारचं उदाहरण अगदी डोळ्यासमोरचं. ऑक्टोबर २०२३ मध्ये विराली मोदी या अपंग हक्कांसाठी काम करणाऱ्या मुंबईच्या कार्यकर्तीचं लग्न होतं, रजिस्टर पद्धतीने, खारच्या विवाह नोंदणी कार्यालयात. ती व्हीलचेअर वापरते. कार्यालय दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, जिना उभा आणि कठडा गंजलेला. तिचं म्हणणं असं की साहेबांना खाली येऊन सही घ्या म्हटलं तर ते आले नाहीत, शेवटी नवरीला उचलून वर न्यावं लागलं. तिने ते सोशल मीडियावर लिहिलं, गाजलं, तेव्हा उपमुख्यमंत्री असलेल्या फडणवीसांनी माफी मागितली. माफी मागितली हे चांगलंच झालं. पण विचार करा, त्या ऑफिसात कुणीही उठून "अपंगांनी लग्न करू नये" असं म्हणालेलं नाही. तसा नियमही नाही. फक्त लग्नाचं ऑफिस दोन जिने वर ठेवताना अशी नवरी येऊ शकते हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. हे जे डोक्यातच न येणं आहे ना, तेच एबलिझम.

मोबाईलमध्येही हेच. बँकेचं केवायसी करताना कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकवा म्हणतात. ॲसिड हल्ल्यात ज्यांच्या पापण्याच जळल्या त्यांनी काय करायचं? आणि ज्याला दिसत नाही त्याला चौकटीत चेहरा आणा म्हटलं तर चौकट कुठाय हे कोण सांगणार? एप्रिल २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने यावर निकाल दिला की अशा डिजिटल सोयी सगळ्यांना वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि केवायसीचे नियम बदला. ॲप बनवणारी पोरं दुष्ट नव्हती हो, त्यांच्या पापण्या चालत होत्या एवढंच.

## चाळीस टक्क्यांची गंमत

कायदा आहे आपल्याकडे, २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा, एप्रिल २०१७ पासून लागू. १९९५ च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, यात २१ आहेत. सरकारी नोकरीत चार टक्के आणि सरकारी उच्च शिक्षणात पाच टक्के जागा, त्यासाठी किमान ४० टक्के अपंगत्वाचं सर्टिफिकेट.

आता गंमत ऐका. महाराष्ट्रातल्या एका मुलाला एमबीबीएस करायचं होतं. त्याला बोलण्याची अडचण, सर्टिफिकेटवर चाळीसच्या थोडं वरचे टक्के. मेडिकलचा तेव्हाचा नियम असा की बोलण्याचं अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर तू डॉक्टरकीला अपात्र. आणि कोट्यातून जागा हवी तर ४० टक्के असायलाच हवं. म्हणजे ३९ असेल तर कोटा नाही, ४० झालं तर कॉलेजच नाही. असा हा दरवाजा, उघडायची किल्ली हातात दिली आणि तीच किल्ली दाखवली की हाकलून द्यायचं. हे प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, कोर्टाने डॉक्टरांचं बोर्ड नेमलं आणि साधा प्रश्न विचारला, या मुलाला हा कोर्स करता येईल का? बोर्ड म्हणालं, येईल. मिळाली ॲडमिशन. ऑक्टोबर २०२४ च्या निकालात कोर्टाने म्हटलं की नुसता टक्क्यांचा आकडा बघून कुणाला बाद करायचं नाही, प्रत्यक्ष काम जमतं का ते बघायचं.

त्याआधी इतकी वर्षं हे सहसा कुणी विचारतच नव्हतं. आकडा बघितला, शिक्का मारला.

याच कायद्यात एक फार कामाची कल्पना आहे, वाजवी सोय. म्हणजे त्या माणसाला इतरांच्या बरोबरीने काम करता यावं म्हणून जो थोडा बदल करायला लागतो तो, परीक्षेत लेखनिक, कॉम्प्युटरवर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, ऑफिस तळमजल्यावर हलवणं. आणि कायदा स्पष्ट म्हणतो की अशी सोय नाकारणं हाच भेदभाव आहे. नुसतं "आम्ही कुणाला हाकललं नाही" म्हणून हात झटकता येत नाहीत.

## पण दया वाईट कशी?

इथे मावशी जरा चिडली. "मग आता मदत पण करायची नाही का?"

तिला मी आमच्या दादाची आठवण दिली. दादा म्हणजे माझा मामेभाऊ, लहानपणी गाडीवरून पडला तेव्हापासून व्हीलचेअरवर, अकाउंट्सचं काम करतो, नाकावर राग. दोन वर्षांपूर्वी घरातलंच एक लग्न, मोठं मंगल कार्यालय, स्टेजला चार पायऱ्या. फोटोसाठी नाव पुकारलं आणि दादा नको म्हणत असताना चार पोरांनी त्याला खुर्चीसकट उचललं. एकाने नेमकं चाकच धरलेलं, ते फिरलं, खुर्ची तिरकी झाली, दादाने दोन्ही हातांनी हँडल घट्ट धरून ठेवलं, टायवर कुणाचा तरी अक्षतांचा हात. वर पोचल्यावर अख्ख्या हॉलने टाळ्या वाजवल्या. मामी रडत होती. फोटोत सगळे हसतायत आणि दादा असा दिसतोय जसा बसमध्ये पाकीट मारल्यावर माणूस दिसतो. उतरल्यावर म्हणाला, "अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस आहे मी, पिशवीसारखा उचलला मला."

मावशी त्या टाळ्यांमध्ये होती. गप्प झाली. मीही होते म्हणा.

विचारून केलेली मदत आणि न विचारता केलेले उपकार यातला हा फरक. आणि टाळ्यांचंही तसंच. ऑस्ट्रेलियातली स्टेला यंग नावाची एक व्हीलचेअर वापरणारी पत्रकार होती, तिने यावर झोड उठवलेली. अपंग माणूस साधं कॉलेजला गेला, जेवला, नाचला तरी "बघा याच्याकडे, नाहीतर तुम्ही" असे व्हिडिओ फिरतात, त्यातून बघणाऱ्याला बरं वाटतं, पण ज्याचा व्हिडिओ आहे त्याला काय मिळतं? आपल्या ग्रुपवरही येतात रोज सकाळी, उगवत्या सूर्याच्या फोटोबरोबर.

दयेचं दुसरं टोक म्हणजे "याला कशाला त्रास" म्हणून बाजूला काढणं. २०१२ च्या फेब्रुवारीत जीजा घोष या कोलकात्याच्या कार्यकर्त्या गोव्याला निघाल्या होत्या. त्यांना सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूकडून स्नायूंवर जो ताबा असतो त्यात अडचण. विमानात बसल्या, पट्टा लावला आणि स्पाइसजेटने त्यांना खाली उतरवलं, प्रवासाला फिट वाटत नाही म्हणून. चालल्या कुठे होत्या, तर अपंगांच्या हक्कांवरच्याच परिषदेला. मे २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांना दहा लाख रुपये भरपाई द्यायला लावली. उतरवणाऱ्यांना बहुतेक काळजीच वाटत असेल, पण बाईंना विचारलं असतं तर त्या किती वेळा विमानात बसल्यात ते त्यांनीच सांगितलं असतं.

## आता म्हणी पण सोडायच्या का?

हा प्रश्न तर येणारच होता. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय. वासरात लंगडी गाय शहाणी. आंधळा मागतो एक डोळा. मराठी बोलायला लागलं की दहा मिनिटात एखादी निसटतेच. पेपरवाले सरकारला धोरणलकवा झाला म्हणतात, आणि बाळ चालायला शिकतं तो तर पांगुळगाडा.

माझं मत विचाराल तर म्हणी खोडायच्या मोहिमेत मला रस नाही. पांगुळगाडा तर मला आवडतोच, कारण त्यात चालता न येणाऱ्याला गाडा द्या एवढं शहाणपण आहे, तोच गाडा मोठेपणी दिला असता तर हा लेख लिहायला लागला नसता. पण एक गोष्ट ध्यानात घ्या की या म्हणींमध्ये आंधळा, लंगडा, बहिरा हा जवळजवळ नेहमी फसणारा, चुकणारा, नाहीतर कमी प्रतीचा असतो. एकदा ऐकून काही होत नाही, पण ज्या पोराला दिसत नाही ते वर्गात बसून हे आयुष्यभर ऐकतं. त्यामुळे मी स्वतः एवढंच करते की समोरच्या माणसाला ठोकायला हे शब्द वापरत नाही. "आंधळा आहेस का, दिसत नाही?" ऐवजी "लक्ष कुठाय?" म्हटलं की भांडण तेवढंच जोरात होतं.

विनोदाचंही तसंच. जुलै २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका सिनेमाच्या प्रकरणात छान फरक सांगितला होता, अपंगत्व समजून घ्यायला लावणारा विनोद वेगळा आणि अपंग माणसाला छोटं करणारा विनोद वेगळा. आमचा दादा स्वतःच्या चाकांवर असले जोक मारतो की इथे लिहिता येणार नाहीत. ते त्याचे आहेत.

## दिव्यांग म्हणू की अपंग?

डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी मन की बातमध्ये दिव्यांग हा शब्द सुचवला, मग सरकारी कागदावर तो आला, महाराष्ट्रात तर डिसेंबर २०२२ पासून दिव्यांग कल्याण हा वेगळा विभागच आहे. बऱ्याच लोकांना शब्द आवडला, अपंगमधलं ते "अ" त्यांना टोचायचं. पण अनेक संघटनांनी तेव्हाच विरोध केला, की आमच्यात दिव्य काही नाही, आम्हाला देव करू नका, रॅम्प द्या. आणि गंमत म्हणजे हाही एबलिझमच ठरू शकतो, हार घालून केलेला. मी काय करते, समोरचा स्वतःला जे म्हणतो ते म्हणते. दादा अपंग म्हणतो, म्हणून मी या लेखात तेच लिहिलंय. त्याच्या ऑफिसातली मैत्रीण दिव्यांग म्हणते, तिच्यासमोर दिव्यांग.

## मग काय आंधळ्याला विमान चालवायला द्यायचं?

मावशीचा हुकमी एक्का. आणि तिचाच नाही, जुलै २०२४ मध्ये तेलंगणातल्या एका वरिष्ठ आयएएस अधिकारी बाईंनी अगदी याच धर्तीवर विचारलं होतं, एअरलाइन अपंग पायलट ठेवते का, तुम्ही अपंग सर्जनकडून ऑपरेशन कराल का, मग आयएएसमध्ये कोटा कशाला. तेव्हाही एबलिझम हा शब्द धो धो वापरला गेला.

उत्तर असं की कायद्यालाही हे माहीत आहे. रास्त हेतूसाठी आणि गरजेपुरताच फरक केला असेल तर तो भेदभाव धरत नाहीत, हे २०१६ च्या कायद्यातच लिहिलंय. विमान उडवायला नजर लागते, विषय संपला, कुणी मागत पण नाही. पण पायलटचं उदाहरण देऊन लोक कारकून, शिक्षक, कलेक्टर सगळ्यांनाच बाद करतात, तिथे खोट आहे. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील, पूर्ण अंध. २०१६ मध्ये यूपीएससी पास झाल्या, रेल्वेची अकाउंट्सची सर्व्हिस मिळाली, तर दिसत नाही म्हणून रेल्वेने घेतलं नाही. अकाउंट्स बरं का, इंजिन चालवायचं नव्हतं. त्यांनी परत परीक्षा दिली, १२४ वी रँक काढली आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये तिरुअनंतपुरमला सब-कलेक्टर म्हणून खुर्चीत बसल्या. आणि मार्च २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलं की दिसत नाही एवढ्यावरून कुणाला न्यायाधीश व्हायला अपात्र ठरवता येणार नाही.

## एवढा खर्च, आणि लोक किती?

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख, त्यातले महाराष्ट्रात साधारण २९ लाख ६० हजार. तेव्हाच्या जुन्या, कमी प्रकारांच्या यादीप्रमाणे. "मग दिसत का नाहीत?" मावशी. अगं, घरातून बाहेर पडायला जिना उतरायला लागतो म्हणून दिसत नाहीत, आणि दिसत नाहीत म्हणून कुणी रॅम्प बांधत नाही.

आणि बांधतात तोही कसा. रॅम्पचं गणित सोपं आहे, एक फूट उंची चढायला बारा फूट लांबी. दोन फुटाच्या स्टेजला २४ फूट. आपल्याकडे दोन फुटाला चार फुटाची घसरगुंडी टाकतात, वर चकचकीत फरशी, खाली एक कुंडी. तपासणीला आलेल्या साहेबाने टिकमार्क करायचा आणि जायचं. बाकी नीट बांधलेला असला तर त्यावरून बाबागाडी जाते, चाकाची बॅग जाते, मावशीचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तिचा वॉकरही तिथूनच गेला होता, हे तिला मी फोनवर आठवण करून दिलं तर म्हणाली ते वेगळं.

पुढच्या महिन्यात भाच्याची मुंज आहे. यावेळी हॉल शोधायचं काम मी घेतलं, आणि प्रत्येकाला पहिला प्रश्न रॅम्प आहे का. पाच जण नाही म्हणाले, दोघांनी "उचलायला आमची मुलं देतो मॅडम, पैसे नाही लावत" अशी ऑफर दिली. आठव्याने मात्र झटकन सांगितलं, "आहे ना! एकदम मस्त, लांब, स्लोप पण कमी." मी खूश. जाऊन बघितलं. खरंच झकास रॅम्प, खरखरीत फरशी, दोन्ही बाजूला पाईप, मागच्या बाजूला, भटारखान्याच्या दारात. म्हटलं हा इथे कसा काय, तर मॅनेजर म्हणाला, "गॅस सिलेंडरच्या ट्रॉलीसाठी मॅडम, उचलून उचलून पोरांच्या कंबरा जायच्या."

दादाला फोटो पाठवला. त्याचा मेसेज आला, "बुक कर. सिलेंडरच्या मागे माझा नंबर लाव."